बार्सिलोनाचा राहिलेला हिशेब

(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत गायकवृंदाच्या मास्तरांनी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा महोत्सव समितीने आम्हांस केली, तेव्हा ती टाळण्याचा आम्ही पुष्कळ यत्न केला. ज्याचे सारे आयुष्य लोकांकडे पाठ करून उभे राहण्यात गेले, त्यास लोकांकडे तोंड करून बोलावयाचे म्हटले म्हणजे संकोच वाटणारच. परंतु समितीचे चिटणीस म्हणाले, "मास्तर, तुम्ही बार्सिलोनास जाऊन आलात, त्याविषयीच सांगा." मग आम्हांस नाही म्हणवेना. त्या प्रवासाच्या खर्चापैकी विमानाच्या तिकिटाचा अर्धा भाग या धर्मग्रामाने सोसला होता. नाताळच्या गीतफेरीत घरोघरी आपण जे पैसे दिलेत, त्यांतून तो उभा राहिला. त्या रकमेचा हिशेब परत आल्यावर आठ दिवसांच्या आत आम्ही पावत्यांसह लिहून दिला, व तो देवळाच्या दप्तरी असेल. पण तो पैशांचा हिशेब झाला. तेथे काय पाहिले, काय ऐकले आणि त्याचे येथे काय केले, हा दुसरा हिशेब राहून गेला. राहून गेला असे आम्ही म्हणतो खरे. वस्तुतः तो आम्ही टाळला. का टाळला, ते ओघाने येईलच.

ही परिषद २०१७ साली जुलै महिन्याच्या २२ तारखेपासून २९ तारखेपर्यंत स्पेन देशातील बार्सिलोना शहरी भरली होती. वृंदगान शिकवणाऱ्यांची व गायकवृंद चालवणाऱ्यांची ती अकरावी जागतिक परिषद. जो आंतरराष्ट्रीय महासंघ ती भरवतो, तो १९८२ साली स्थापन झाला व त्याची पहिली परिषद १९८७ साली व्हिएन्ना येथे झाली. बार्सिलोनाच्या परिषदेस 'शांतीचे रंग' असे नाव दिले होते. सकाळी व्याख्याने व पाठ, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या देशांच्या वृंदांचे गायन, असा साधारण क्रम असे.

साऱ्या जगाचे मास्तर एका सभागृहात श्रोते म्हणून बसले म्हणजे मोठी मौज दिसते. व्यासपीठावर एकच जण हात हालवीत असतो, पण खाली शेकडो जणांची बोटे आपापल्या गुडघ्यांवर चालत असतात. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव की, हे आम्ही थोडे निराळे केले असते. आमचीही बोटे चालत होती, हे कबूल केले पाहिजे.

व्याख्यानांतील सर्वच आम्हांस समजले असे नाही. काही भाग फार शास्त्रीय होता, आणि काही वक्ते आपल्याच ग्रंथांची जाहिरात करावयास आले असावेत असा आम्हांस संशय आला. परंतु एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा कानी पडली, व ती आम्हांस पटली. ती श्वासाची. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की, मास्तराचा हात खाली येतो तेथे गाणे सुरू होते. तसे ते नाही. हात वर उचलला जातो तेव्हाच गाणारा श्वास घेतो, आणि जसा हात उचलावा तसा श्वास आत जातो. झटक्याने उचलला तर श्वास घशापाशी अडतो आणि पहिलाच स्वर कर्कश निघतो. सावकाश, गायकांबरोबर स्वतः श्वास घेत उचलला, तर पहिला स्वर आपोआप गोल येतो. म्हणजे सूर बिघडला म्हणून आम्ही ज्यांना रागे भरत होतो, त्यांपैकी पुष्कळांचा दोष त्यांच्या गळ्यात नसून आमच्या मनगटात होता. आमच्या वृंदातील जुन्या मंडळींपैकी कोणी येथे असल्यास त्यांनी आता हसावे. त्यांना तो अधिकार आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. परक्या चालीवर आपले शब्द बसवताना जेथे ऱ्हस्व अक्षर आहे तेथे लांबलचक स्वर येतो, आणि जेथे दीर्घ आहे तेथे स्वर पळून जातो. मग ऐकणारास मराठी ऐकूनही मराठी कळत नाही. ही अडचण आपलीच आहे असे आम्हांस वाटे. तेथे पाहिले तो फिनलंडापासून फिलिपाईन्सपर्यंत सर्वांची हीच तक्रार.

आता ज्या इमारतीत रात्रीची काही गायने झाली, तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे; कारण आम्ही परिषदेतील व्याख्यानांहून त्या इमारतीकडून अधिक शिकलो. तिचे नाव पलाउ दे ला मुसिका कातालाना, म्हणजे कातालान संगीताचा प्रासाद. लुईस दोमेनेक इ मोंतानेर नावाच्या शिल्पज्ञाने ती १९०५ ते १९०८ या काळात बांधली. छतामध्ये रंगीत काचांचा एक प्रचंड घुमट उलटा टांगलेला आहे, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती काचेच्या असल्यामुळे दुपारी आत दिवे लावावे लागत नाहीत. १९९७ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घातले. परंतु आम्हांस नवल वाटले ते शिल्पाचे नव्हे. ही इमारत कोणा राजाने बांधली नाही. ती एका गायकवृंदाने बांधली. ओर्फेओ काताला म्हणून एक वृंद लुईस मिलेत आणि आमादेउ विवेस या दोघा तरुणांनी १८९१ साली काढला. पोटासाठी दिवसा निरनिराळे उद्योग करावेत आणि रात्री गावे, अशी मंडळी त्यात होती. त्यांना स्वतःची जागा हवी होती. त्यांनी वर्गणी जमवली, धनिकांना गळ घातली, आणि सतरा वर्षांत हा प्रासाद उभा केला. आपल्या तालमीसाठी शाळेचा वर्ग उघडून मिळावा म्हणून किल्ली शोधीत हिंडणाऱ्या मास्तरास हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करावी.

त्या रंगमंचाच्या कमानीवर एका बाजूस बीथोव्हेनची मूर्ती आहे व दुसऱ्या बाजूस जुझेप आन्सेल्म क्लावे याची. बीथोव्हेन सर्वांना ठाऊक. हा क्लावे कोण? तर १८२४ साली जन्मलेला एक मनुष्य, ज्याने गिरण्यांतील व कारखान्यांतील कामगारांना रात्री एकत्र करून गावयास शिकवले, आणि गुत्त्याच्या वाटेवरून त्यांना तालमीच्या वाटेवर आणले. स्वरलिपी न वाचता येणाऱ्या मजुरांच्या मास्तरास त्या लोकांनी बीथोव्हेनच्या समोर, त्याच उंचीवर बसवले आहे. आम्ही पहिल्या रात्री गायन ऐकण्याऐवजी बराच वेळ त्या मूर्तीकडेच पाहत होतो.

याच सभागृहात १९६० साली घडलेली एक हकीकत तेथील एका वृद्ध गायकाने आम्हांस ऐकवली, व ती तेथे सर्वश्रुत आहे. त्या वेळी स्पेनवर जनरल फ्रांको याची हुकमत होती, आणि कातालान भाषेस सरकारदरबारी स्थान नव्हते. झुआन मारागाल या कवीच्या जन्मास शंभर वर्षे झाली म्हणून १९ मे रोजी तेथे गायन ठेवले होते. ओर्फेओच्या निशाणाचे एक गीत आहे. शब्द मारागालचे, संगीत मिलेतचे. ते कार्यक्रमातून काढून टाकण्याचा हुकूम झाला. वृंदाने हुकूम पाळला. मग श्रोत्यांतून काही जण उठून उभे राहिले आणि त्यांनीच ते म्हणावयास आरंभ केला. पोलिसांनी मारहाण केली, धरपकड झाली. या प्रकरणी जुर्दी पुजोल नावाच्या एका तरुण डॉक्टरास, तो त्या रात्री सभागृहात नसतानाही, तुरुंगवास झाला. तोच पुढे १९८० साली कातालोनियाचा अध्यक्ष झाला. या सर्व प्रकरणातील राजकारण आम्हांस पुरते कळत नाही आणि त्याविषयी मत देण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या मनात मात्र एक प्रश्न मास्तराच्या दृष्टीने उभा राहिला: वृंदाचे तोंड बंद केले असता आमच्या देवळातील बाकांवर बसलेल्या लोकांना कोणते गीत आरंभापासून अखेरपर्यंत, पुस्तकावाचून म्हणता येईल? आम्ही मनातल्या मनात मोजू लागलो आणि चार-पाचांच्या पुढे गेलो नाही. त्यांतलीही बहुतेक आमच्या वृंदाने शिकवलेली नव्हती; त्यांच्या आजीने शिकवलेली होती.

आता परिषदेतील त्या दोन प्रसंगांकडे वळतो, ज्यांमुळे हे भाषण इतकी वर्षे लांबले.

एका पाठास गेलो असता दारातच सर्वांच्या हाती छापील स्वरलेखाची पाने देण्यात आली. कोणीही पूर्वी न पाहिलेली रचना सर्वांनी मिळून तत्काळ गावयाची, असा तेथील परिपाठ. आमचे स्वरलिपीचे ज्ञान आपणांस ठाऊक आहे. आमच्या गुरूंनी आम्हांस फिडलवर वाजवून, कानाने शिकवले. कागदावरून आम्ही वाचू शकतो, पण सावकाश, जसे एखादे मूल बोट ठेवून वाचते तसे. पहिले पान संपण्यापूर्वीच आम्ही हरवलो. आजूबाजूस शंभर-दोनशे आवाज बिनचूक पुढे चालले होते, आणि आम्ही कोठे आहो हेच आम्हांस कळेना. लाजेने आम्ही तोंड हालवू लागलो पण आवाज काढीना. (हा प्रकार आपल्या वृंदात कोण कोण करतात ते आम्हांस ठाऊक आहे, आम्हीही तो केला हे आज सांगतो.) आमच्या उजव्या हाताला खर्जात गाणारा एक धिप्पाड गृहस्थ होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही, आपले गाणे थांबवले नाही. नुसते आपले बोट लांब करून आमच्या पानावर जेथे गाणे चालले होते तेथे ठेवले, आणि प्रत्येक ओळीगणिक ते बोट पुढे सरकवीत राहिला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आम्ही पुन्हा गाऊ लागलो. गाणे संपल्यावर त्याने आमच्याशी हस्तांदोलन केले आणि निघून गेला. त्याचे नाव, देश, आम्हांस काही कळले नाही.

त्या रात्री आम्हांस नीट झोप आली नाही. याचे कारण आमच्या धर्मग्रामातील जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्यापूर्वी काही वर्षे आंतरधर्मग्रामीय गीतस्पर्धेची आम्हांस फार हौस होती. उपवासकाळात आपल्याकडे देवमातेच्या शोकाचे जे जुने गीत म्हणतात, त्यास आम्ही चार आवाजांची जोड दिली. मूळ चाल संथ, जवळजवळ बिनतालाची. चार आवाज एकत्र चालावेत म्हणून आम्ही ती तालात बांधली. वृंदातील तिघी वयस्क स्त्रियांना ते जमेना. त्या जुन्याच वळणाने सूर ओढीत, आणि त्यामुळे सर्व वृंद मागे रेंगाळे. आम्ही त्या तिघींना एका शनिवारी सांगितले की, आता आपण खाली बाकावर बसून प्रार्थना करावी. वर माळ्यावर तरुणांना जागा हवी आहे. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हांस बक्षीस मिळाले. ती ढाल देवळाच्या दप्तरखान्यातील कपाटावर आजही आहे.

दुसरा प्रसंग त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. परिषदेच्या जागी संगीत छापणाऱ्यांची दुकाने मांडली होती. टेबलामागून टेबले, आणि त्यांवर देशोदेशींच्या गीतांचे स्वरलेख. एस्टोनियाच्या खेडुतांची गाणी, दक्षिण आफ्रिकेची, पेरूच्या डोंगरातील. तेथे दक्षिण अमेरिकेतील एका बाई मास्तरांशी आमची ओळख झाली. आम्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील, आमचे पूर्वज चारशे-साडेचारशे वर्षांपासून ख्रिस्ती आहेत, आणि आमची मिस्सा मराठीत होते, हे ऐकून त्यांना फार कौतुक वाटले. "तुमच्या लोकांचे एखादे जुने गीत द्या, माझ्या वृंदाकडून गाऊन घेते," असे त्या म्हणाल्या. आम्ही मोठ्या अभिमानाने पिशवीतून आपली गीतपुस्तिका काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट चाळली, मराठी अक्षरांवर हात फिरवून "सुंदर" म्हणाल्या, मग पुन्हा पहिल्यापासून चाळली, आणि अगदी निष्कपटपणे विचारले, "पण स्वर कोठे आहेत?"

बंधुभगिनींनो, स्वर कोठेच नव्हते. शब्द होते. चाल अमुक गाण्याप्रमाणे, एवढेच काही गीतांच्या डोक्यावर लिहिलेले होते, आणि ते 'अमुक गाणे' ज्यांना येत होते त्यांतले बरेचसे आपल्या दफनभूमीत निजले आहेत. आम्ही त्यांना काय सांगितले ते आठवत नाही. जेवणाची वेळ झाली असे काहीतरी सांगून निघालो असू.

ही आपल्या एका धर्मग्रामाची गोष्ट नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि ओवी म्हणजे म्हणावयाची वस्तू, नुसती वाचावयाची नव्हे. शब्द हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आले. त्या ओव्या त्या काळी कोणत्या सुरांत म्हटल्या जात, ते कोणी लिहून ठेवले नाही. वास्तविक स्वर लिहिण्याची युक्ती आपल्या ख्रिस्तसभेतच फार जुनी आहे. इटलीतील आरेत्सोच्या ग्वीदो या मठवासीयाने अकराव्या शतकात रेघांवर स्वर मांडून दाखवले, ते मठातील मुलांना पाठांतराचे कष्ट कमी व्हावेत म्हणून. आणि महाराष्ट्रातही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली सोडून, खाँसाहेबांची मनधरणी करून, शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून छापल्या. तेव्हा साधन नव्हते असे आपणांस म्हणता यावयाचे नाही.

हे शल्य मनात असतानाच आम्हांस कातालान लोकांच्या एका उद्योगाची माहिती मिळाली. १९२२ साली राफाएल पाचोत नावाच्या एका धनिकाच्या पाठिंब्याने त्यांनी आपल्या देशातील लोकगीते गोळा करण्याचे काम हाती घेतले. रीत अशी की, दोघे दोघे मिळून खेडोपाडी जात. एकाने शब्द लिहावयाचे, दुसऱ्याने स्वर. म्हाताऱ्या बायका भाकरी भाजता भाजता म्हणत त्या गाण्यांसाठी ही माणसे चुलीशी बसून राहत. १९३६ साली यादवी युद्ध पेटले आणि काम बंद पडले. पाचोत देशोधडीस लागून स्वित्झर्लंडात गेले व १९६४ साली तेथेच वारले. त्यांनी जतन केलेली ती कागदपत्रे १९९१ साली मोन्सेरातच्या मठात परत आली. काम थांबल्यास पंचावन्न वर्षे झाली होती. पण कागद होता म्हणून गाणे होते.

परिषद संपण्यापूर्वी एक दिवस आम्ही त्या मोन्सेरातास जाऊन आलो. करवतीच्या दात्यांसारखा तो डोंगर आणि त्याच्या कुशीतील मठ. लोयोलाच्या संत इग्नातियसने १५२२ साली मार्च महिन्यात तेथील सावळ्या देवमातेपुढे रात्रभर जागून आपली तलवार ठेवली. मठात मुलांचा गायकवृंद आहे, युरोपातील अति प्राचीन वृंदांपैकी एक. तो ऐकावा म्हणून आम्ही इतक्या दूर गेलो, तो कळले की जुलैत मुलांना सुटी असते! चौकशी न करता निघण्याची आमची खोड आपणांस ठाऊकच आहे. त्या रिकाम्या बाकांसमोर थोडा वेळ गुडघे टेकून आम्ही परतलो. त्या कागदांच्या कपाटापर्यंत आम्ही गेलो नाही. कोणत्या तोंडाने जावे असे वाटले.

सायंकाळी शहरातील रांब्ला नावाच्या रस्त्यावरून आम्ही रोज चालत असू. झाडांची सावली, फुलांची दुकाने, सर्व जातीचे लोक. आम्ही परत आल्यावर तीनच आठवड्यांनी, १७ ऑगस्ट रोजी, त्याच रस्त्यावर एका मोटारीने माणसे चिरडल्याची बातमी आली. त्या दिवशी संध्याकाळच्या तेर्साच्या प्रार्थनेत आम्ही कोणासाठी विशेष विनंती केली, ते तेव्हा कोणास सांगितले नव्हते. आज सांगितले.

घरी आल्यावर आम्ही काय केले? प्रथम काहीच नाही. हात उचलण्याची नवी रीत मात्र सुरू केली, आणि वृंदाचा आवाज सुधारला असे सर्वजण म्हणू लागले, ते आम्हांस गोड वाटले. त्या तिघींपैकी दोघी पुढील तीन वर्षांत प्रभुघरी गेल्या. दोघींच्याही अंत्यविधीस आम्ही गाइलो. चार आवाजांत, तालात. दुसरीच्या दफनानंतर दफनभूमीच्या फाटकापाशी एका मुलाने आम्हांस विचारले, "मास्तर, आजी हे गाणे निराळेच म्हणायची. ते कसे होते?" आम्ही त्यास म्हणावयास गेलो आणि आम्हांस ते येईना. आमची तालातली चाल मध्ये येऊ लागली. पन्नास वर्षे कानांवर पडलेली गोष्ट आम्ही आपल्याच हाताने पुसून टाकली होती.

त्या रविवारी मिस्सा झाल्यावर तिसऱ्या मावशींच्या घरी आम्ही गेलो. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्या आज सभेत आहेत. त्या पडवीत वाल सोलीत बसल्या होत्या. आम्ही बरोबर कोरी वही, पेन्सिल आणि मुद्रण करण्यासाठी मोबाईल नेला होता. क्षमा कशी मागावी याचा रस्त्याने पुष्कळ विचार केला होता, पण त्यांनी आम्हांस बसावयास पाट दिला, वालांचे सूप पुढे सारले, आणि म्हणाल्या, "सोला." अर्धा पाऊण तास आम्ही वाल सोलले. मग त्या आपण होऊनच म्हणाल्या, "मास्तर, त्या वर्षी तुम्ही मला बाकावर बसवलंत. मी बाकावरनं म्हणतच होते. तुम्हांला वर ऐकू येत नव्हतं एवढंच."

यावर आम्ही काय बोलणार? आम्ही पेन्सिल काढली.

त्यांनी पहिले कडवे म्हटले. आम्ही भातखंड्यांच्या पद्धतीने लिहू लागलो, आणि पहिल्याच ओळीस अडलो. जेथे देवमातेचे नाव येते तेथील गांधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. त्या खालच्या स्वरावरून श्वास न तोडता वर घसरत जातात आणि मध्येच कोठेतरी थांबतात. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये तो स्वर आहे. पेटीवर तो वाजत नाही, म्हणूनच पेटी आल्यापासून आम्ही तो गमावला असावा. आम्ही त्यांना ती ओळ अकरा वेळा म्हणावयास लावली. त्या एकदाही रागावल्या नाहीत. अकराव्या वेळी म्हणाल्या, "लिहिता येत नसेल तर राहू द्या, तोंडपाठ करा." शेवटी आम्ही त्या जागी एक बाण काढला आणि समासात शब्दांनी वर्णन लिहिले. वहीत आहेत ती गाण्याची हाडे; मांस मोबाईलमध्ये आहे; आणि जीव अजून मावशींच्या गळ्यातच आहे.

त्यानंतर दर पंधरवड्यास आम्ही जात आलो. आजपर्यंत सतरा गीतांची स्वरलिपी झाली आहे. सारेगमांत लिहून मग आमच्या वृंदातील एका मुलीने ती पाश्चात्त्य रेघांवरही उतरवली. या स्मरणिकेबरोबर ती छापावी असे समितीने ठरवले होते, परंतु आम्हीच थोडे थांबा म्हटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य तो मान द्यावा. तेव्हा आपण ती चुकीची छापून तिचा अपमान करू नये, असे आम्हांस वाटते. विशेषतः त्या शोकगीताविषयी. त्याच्या तिसऱ्या कडव्यात सूर एकाएकी खाली उतरतो आणि मग चढत नाही, एवढे मावशींना आठवते. कसा उतरतो, ते त्यांना आठवत नाही. मधली ओळ त्या नेहमी आपल्या मोठ्या बहिणीवर सोपवीत, आणि ती बहीण म्हणजे फाटकापाशी आम्हांस विचारणाऱ्या त्या मुलाची आजी. तेव्हा आपल्यापैकी कोणास, किंवा लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या कोणा लेकीबाळीस ते कडवे येत असेल, तर कृपा करून आम्हांस कळवावे. एकच ओळ येत असली तरी चालेल. आम्ही वही घेऊन येऊ.

आता एका तक्रारीचे उत्तर देऊन बसतो. गायकवृंद माळ्यावर न बसता खाली का बसू लागला, अशी विचारणा काही तरुण बंधूंनी समितीकडे केली आहे. खालून आवाज तितका घुमत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. कारण इतकेच की, मावशींचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, आणि पुढील उपवासकाळापर्यंत त्या गीताची पहिली दोन कडवी वृंदातील मुलांच्या गळ्यांत उतरावयाची आहेत. तालीम शनिवारी सायंकाळी सहा वाजता, डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकापाशी.